पासवर्ड मॅनेजरातला पासवर्ड बोटाने निवडायला जाऊ नका



१ जून ते ३१ जुलै, बंदीचे ६१ दिवस ट्रॉलर जेटीला असतात आणि नेमकी याच दिवसांत कागदपत्रांची कामं निघतात. रियलक्राफ्टवर नोंदणी नि परवाना, बँकेचं कर्जखातं, विमा, ईमेल. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वहीच्या मागच्या पानावरचे पासवर्ड आता पासवर्ड मॅनेजरात ठेवलेत, हे चांगलंच झालं. पण मग दुसरी तक्रार सुरू झाली: "पासवर्ड अ‍ॅपात आहे, पण तिथून बाहेर निघत नाही." बोट दाबून धरलं तरी काही निवडलं जात नाही. निवडलंच तर अर्धं. कॉपी झालं तर पेस्ट करेपर्यंत गायब. मग चार-पाच वेळा चुकीचा पासवर्ड पडतो, खातं बंद होतं आणि परवान्याचं काम आठवडाभर पुढे जातं. हे असं का होतं ते एकदा नीट समजून घेऊया, कारण यातल्या अर्ध्या अडचणी मुद्दाम ठेवलेल्या आहेत.

पासवर्ड ठिपक्यांत दिसतो तेव्हा तो कॉपी होत नाही. ब्राउझर ठिपक्यांच्या रकान्यातून कॉपी करूच देत नाहीत. कारण साधं आहे. तुमचा फोन उघडा राहिला आणि कुणी ते ठिपके कॉपी करून मेसेजात पेस्ट केले, तर झाकलेला पासवर्ड अक्षरन्‌अक्षर वाचता येईल. म्हणून पासवर्ड मॅनेजरात डोळ्याचं चिन्ह वेगळं असतं आणि कॉपीचं चिन्ह वेगळं. कॉपीचं चिन्ह म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन कागद.

आता डोळ्याचं चिन्ह दाबून पासवर्ड उघडला, तरी तो बोटाने निवडायला जाऊ नका. (बोट म्हणजे हाताचं, आपल्या धंद्यात हे सांगावं लागतं.) जाळी ओढून कडक झालेली बोटं फोनचा पडदा नीट ओळखत नाही. त्यात खारं पाणी पडद्यावर असेल तर तो स्वतःच कुठेतरी दाबला गेल्यासारखा वागतो. निवडलेल्या मजकुराच्या दोन टोकांचे ते थेंबासारखे दांडे एक अक्षर इकडेतिकडे सरकले, की पासवर्ड चुकला. पडद्यावर ठिपकेच दिसत असल्यामुळे चूक कुठे झाली ते कळतही नाही.

कॉम्प्युटरवरही तोच घोळ, कारण वेगळं. शब्दावर दोनदा क्लिक केलं की तो शब्द निवडला जातो, पण मध्ये आडवी रेघ किंवा दुसरं चिन्ह आलं की निवड तिथेच थांबते. आपल्या होडीचा नंबरच घ्या. आयएनडी-जीए असा रेघा मारून लिहिलेला असेल तर दोनदा क्लिक केल्यावर त्यातला एकच तुकडा हाती येतो. चांगल्या पासवर्डात तर अशी चिन्हं भरलेली असतात. उलट विंडोजवर कितीतरी ठिकाणी शब्दामागची मोकळी जागाही निवडीत येते. ती दिसत नाही, पण पासवर्डाच्या शेवटी एक जास्तीचं अक्षर म्हणून जाते आणि समोरून उत्तर येतं, पासवर्ड चुकीचा.

तिसरा धोका आम्हाला सगळ्यांत वाईट वाटतो. काही अ‍ॅपांत नुसत्या पाहण्याच्या पानावर मजकूर निवडता येत नाही, म्हणून लोक "संपादन" दाबतात आणि तिथे निवडायला जातात. तिथे बोट घसरलं, एक अक्षर पुसलं गेलं आणि घाईत "जतन" दाबलं, की मॅनेजरातला पासवर्डच बदलला. खरा पासवर्ड कुठेच उरत नाही. असं झालंच तर घाबरू नका. बिटवॉर्डन आणि कीपास या दोन्हींत नोंदीचे जुने पासवर्ड इतिहासात राहतात, तिथे आधी बघा. पण संपादनात जाऊन कॉपी करायची सवय मात्र सोडाच.

थोडक्यात, निवडायचं नाही, दोन कागदांचं चिन्ह दाबायचं. नाव, पासवर्ड, प्रत्येकापुढे ते वेगळं असतं. होडीचा नंबर, इंजिनाचा नंबर, विमा पॉलिसीचा नंबर हे सगळं "टिपा" या एकाच रकान्यात कोंबलं असेल, तर बिटवॉर्डनमध्ये प्रत्येकासाठी आपला वेगळा रकाना करता येतो. तसे करा, म्हणजे त्यांच्यापुढेही कॉपीचं चिन्ह येईल. आणि हे नंबर इंग्रजी आकड्यांतच लिहा. मराठी कीबोर्डवरून टाकलेला १ आपल्याला एकच वाटतो, फॉर्मला ते वेगळं अक्षर वाटतं आणि बहुतेक फॉर्म ते घेत नाहीत.

आता गायब होण्याबद्दल. कॉपी केलेली गोष्ट फोनच्या क्लिपबोर्डवर जाते, आणि तिथून ती लवकर पुसली जावी अशी सोय पासवर्ड मॅनेजरात असते. कॉम्प्युटरवरच्या कीपासमध्ये आधीपासून ठरलेला वेळ १२ सेकंदांचा आहे, कीपासएक्ससीमध्ये १० सेकंदांचा. जेटीवर उन्हात उभं राहून बँकेचं पान उघडेपर्यंत १० सेकंद कधीच निघून जातात. म्हणून क्रम उलटा करा. आधी बँकेचं पान उघडून रकान्यात बोट ठेवा, मग मॅनेजरात जाऊन कॉपी करा, परत या आणि लगेच पेस्ट करा. क्लिपबोर्डवर साधारण शेवटची एकच गोष्ट हाताशी असते, म्हणून नाव आणि पासवर्ड दोन फेऱ्यांत आणायचे. तरी वेळ पुरत नसेल तर सेटिंगमध्ये तो ३० सेकंद करा. "कधीच पुसू नको" हा पर्याय मात्र घेऊ नका. गुगलच्या जीबोर्ड कीबोर्डचा क्लिपबोर्ड चालू असेल तर कॉपी केलेला मजकूर त्यात तासभर राहू शकतो. त्या तासाभरात फोन मुलाच्या हातात जातो, खलाशाच्या हातात जातो, हे आपल्या घरांत नेहमीचंच.

खरं तर कॉपीच न करता काम होतं. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, फोनमध्ये ऑटोफिलची सोय आहे. आयफोनवर बाहेरच्या पासवर्ड मॅनेजरांना ती २०१८ मध्ये मिळाली. फोनच्या सेटिंगमध्ये ऑटोफिल शोधा आणि आपला मॅनेजर निवडा. मग पासवर्डाच्या रकान्यावर बोट ठेवलं की खाली आपलं नाव येतं. त्यावर दाबायचं, अंगठा लावायचा, झालं.

यात वेळ वाचतो, पण आमच्या मते खरा फायदा दुसराच आहे. मॅनेजर पासवर्डासोबत त्या संकेतस्थळाचा पत्ताही लक्षात ठेवतो. सबसिडी जमा झाली असं सांगणारा मेसेज येतो, लिंक उघडली की हुबेहूब बँकेचं पान दिसतं. माणूस रंग आणि शिक्का बघून फसतो. मॅनेजर पत्ता बघतो, आणि पत्ता जुळला नाही तर नाव दाखवतच नाही. अशा वेळी वैतागून हाताने कॉपी-पेस्ट केलं, तर तो पहारा आपणच उठवला. नाव आलं नाही की आधी वरचा पत्ता अक्षर अक्षर वाचा. कधी कधी खऱ्या पानावरही नाव येत नाही, कारण पासवर्ड बँकेच्या अ‍ॅपवरून साठवलेला असतो आणि आपण ब्राउझरात असतो. पत्ता खरा असल्याची खात्री असेल तेव्हाच तो त्या नोंदीत घाला.

आणि मग ती पानं, जी पेस्टच करू देत नाहीत! सुरक्षेसाठी असं केलंय म्हणतात. ब्रिटनच्या सरकारी सायबर सुरक्षा केंद्राने २०१७ मध्येच जाहीर लिहिलं होतं की लोकांना पासवर्ड पेस्ट करू द्या. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या त्याच वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांतही तेच आहे. पेस्ट बंद केलं की माणूस टाइप करायला सोपा पासवर्ड ठेवतो, म्हणजे ट्रॉलरचं नाव आणि पुढे १२३. ट्रॉलरचं नाव तर नाळीवर हातभर अक्षरांत रंगवलेलं असतं.

अशा पानांसाठी दोन उपाय आहेत. कॉम्प्युटरवर कीपाससारख्यांत ऑटो-टाइप असतं. ते पेस्ट न करता एकेक कळ दाबल्यासारखा पासवर्ड टाकतं, त्यामुळे बऱ्याच पानांवर चालतं. फोनवर हाताने टाइप करावं लागत असेल तर तेवढ्यापुरता शब्दांचा पासवर्ड बनवा. चार-पाच असंबद्ध शब्द मॅनेजर स्वतः निवडून देतो. आपण निवडू नये, आपण हमखास मुलांची नावं घालतो. अक्षरांचाच पासवर्ड लागत असेल तर बनवताना सारखी दिसणारी अक्षरं टाळण्याचा पर्याय चालू करा. मोठा आय, लहान एल आणि एक, तसंच ओ आणि शून्य, यांत उभं आयुष्य जातं. बिटवॉर्डन आकडे वेगळ्या रंगात दाखवतो, तेही बघून ठेवा.

राहिली घरातली गोष्ट. नवरा समुद्रावर, फॉर्म भरणार बायको किंवा मुलगी. मग पासवर्ड कॉपी होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर जातो आणि दोन्ही फोनांवर वर्षानुवर्षं पडून राहतो. त्याऐवजी सामायिक तिजोरी ठेवा. बिटवॉर्डनमध्ये दोन माणसांपुरती ती फुकट आहे. जुने मेसेज शोधून दोन्हीकडून पुसा आणि ते पासवर्ड बदला, कारण फोनच्या बॅकअपात ते अजून असू शकतात.

सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवर तर कॉपी-पेस्ट नकोच. विंडोजवर क्लिपबोर्डचा इतिहास चालू असेल तर कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी तिथे राहतात, आणि पुढचा माणूस विंडोजची कळ आणि व्ही एकत्र दाबून त्या बघू शकतो. नाइलाजाने केलंच असेल, तर खुर्चीवरून उठण्याआधी तीच यादी उघडून "सगळं पुसा" दाबा आणि घरी आल्यावर तो पासवर्ड बदला.