शिरस्त्राणावर कोरलेले नाव



इतिहासाच्या तासाला आम्ही फळ्यावर प्राचीन ग्रीक सैनिकाचे चित्र काढले होते. डोळ्यांपुरत्या दोन फटी, मधोमध नाकावर उतरलेली पट्टी आणि बाकी सारे डोके धातूने झाकलेले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, ह्याला सेनापतीची हाक ऐकू कशी यायची?" वर्ग हसला, पण प्रश्न अगदी नेमका होता. त्याचे खरे उत्तर असे की, त्याला कमीच ऐकू यायचे! मग असे शिरस्त्राण त्याने घातले तरी का? या प्रश्नाचा माग काढत आम्ही ग्रीसपासून थेट आपल्या विश्वामित्रीच्या काठापर्यंत आलो. तोच प्रवास येथे मांडत आहोत.

धातू आणि घडण

ही शिरस्त्राणे ब्राँझची असत. ब्राँझ म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. साधारण नऊ भाग तांबे आणि एक भाग कथील. आपल्या घरातले कांसे हे त्याचेच भावंड. कांशात कथील बरेच जास्त असते, म्हणून ते खणखणीत वाजते, पण दगडावर आपटले तर फुटते. पितळ मात्र वेगळे, त्यात तांब्याबरोबर जस्त असते.

इ.स.पू. ७०० च्या सुमारास ग्रीसमध्ये 'कोरिंथियन' पद्धतीचे शिरस्त्राण दिसू लागले. त्याचे वैशिष्ट्य म्हणजे डोके, गाल आणि नाकपट्टी हे सारे धातूच्या एकाच तुकड्यातून ठोकून काढलेले असे. कोठेही सांधा नाही. जोड असला की घाव बसताच तो तेथेच उकलणार, हे कारागीर जाणून होता.

ठोककामात एक अडचण असते. हातोडीखाली ब्राँझ कडक होत जाते आणि तसेच ठोकत राहिले तर तडकते. म्हणून मधून मधून ते भट्टीत तापवून मऊ करावे लागते. पुन्हा ठोका, पुन्हा तापवा. शेवटचे घाव मात्र थंड धातूवर घालायचे, म्हणजे कडकपणा टिकून राहतो. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर जे मठारकाम होते, त्यामागेही हेच तत्त्व आहे. ठोक्यांच्या त्या ओळींनी भांडे सुंदर दिसते आणि बळकटही होते.

कारागिराने जाडीचाही विचार केला होता. डोक्यावर पत्रा पातळ ठेवायचा आणि समोर, नाकपट्टीजवळ, जाड. त्यामुळे वजन आटोक्यात राही आणि जेथे घाव येण्याची भीती जास्त, तेथे धातूही जास्त असे. कान मात्र झाकलेच जात. पुढे कानाशी मोकळी जागा ठेवलेले प्रकार निघाले. म्हणजे आमच्या विद्यार्थिनीला पडलेला प्रश्न ग्रीक कारागिरांनाही पडला होता!

शिरस्त्राण काय सांगते?

शिरस्त्राण डोके वाचवते, तसेच ते काही सांगतेही. माथ्यावर घोड्याच्या केसांचा तुरा लावला की सैनिक उंच आणि भयंकर दिसे. होमरच्या 'इलियड' महाकाव्यात एक प्रसंग आहे. ट्रॉयचा वीर हेक्टर युद्धावर निघताना आपल्या तान्ह्या मुलाला घ्यायला हात पुढे करतो. तो हलता तुरा पाहून बाळ घाबरून रडू लागते. हेक्टर हसतो, शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मग मुलाला उचलून घेतो. शत्रूसाठी केलेला मुखवटा बाजूला ठेवल्यावरच बाप दिसतो.

लढाई नसताना सैनिक शिरस्त्राण कपाळावरून मागे सरकवून ठेवत. कोरिंथच्या नाण्यांवर अथेना देवीचे मस्तक असेच दाखवले आहे.

आणि युद्ध जिंकल्यावर? पुष्कळजण आपले किंवा शत्रूचे शिरस्त्राण देवाला वाहत. ऑलिंपिया येथील संग्रहालयात असे एक शिरस्त्राण आहे. त्याच्या कडेवर मिल्टिआडीस याने ते झ्यूसला अर्पण केल्याचे कोरले आहे. इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या लढाईत अथेन्सच्या विजयाचा शिल्पकार ठरलेला सेनापती तो हाच, असे मानले जाते. डोक्यावरचे संरक्षण देवापुढे ठेवले आणि त्यावर नाव घातले. त्या नावामुळेच आज त्या धातूच्या तुकड्याला इतिहास आहे.

आपल्या शहरातले ब्राँझ

आता कारेलीबागेतून सयाजीबागेत या. तेथील बडोदा संग्रहालयाची इमारत १८९४ मध्ये पूर्ण झाली. तेथे अकोट्याच्या ब्राँझमूर्ती जतन केलेल्या आहेत. अकोटा म्हणजे विश्वामित्रीपलीकडचे प्राचीन अंकोट्टक. १९५० च्या सुमारास तेथे जमिनीखाली जैन ब्राँझमूर्तींचा मोठा साठा मिळाला. डॉ. उमाकांत प्रेमानंद शहा यांनी त्यांचा अभ्यास करून १९५९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. याच अकोट्यात ग्रीक-रोमन बनावटीच्या भांड्याची, प्रेमदेवता इरॉसची आकृती असलेली ब्राँझची मूठही सापडली. म्हणजे ते जग आपल्याला अगदीच परके नव्हते.

ग्रीक शिरस्त्राण ठोकून केलेले, तर या मूर्ती ओतून केलेल्या. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर मातीचे लिंपण, मग ते तापवून मेण बाहेर काढायचे आणि रिकाम्या जागी वितळलेला धातू ओतायचा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात ही पद्धत वर्णिलेली आहे.

या मूर्तींत 'जीवंतस्वामी' अवश्य पाहा. हे दीक्षा घेण्यापूर्वीचे, राजपुत्र असतानाच ध्यानस्थ झालेले महावीर. म्हणून त्यांच्या मस्तकावर उंच मुकुट आहे. हा मुकुट लवकरच उतरणार आहे, हे ठाऊक असलेल्या माणसाच्या डोक्यावरचा तो मुकुट आहे. हेक्टरने उतरवलेले शिरस्त्राण येथे आठवल्याशिवाय राहत नाही. यांतील काही मूर्तींच्या बैठकीवर दान देणाऱ्यांची नावेही कोरलेली आहेत, आणि त्यांत श्राविकाही आहेत.

आणि आपल्या घरातले?

प्राचीन ब्राँझ इतके थोडे का उरले? कारण धातू वितळवता येतो. ऑलिंपियाची पुष्कळ शिरस्त्राणे विहिरींत आणि भरावात गाडली गेली म्हणून वाचली, अकोट्याच्या मूर्ती जमिनीखाली राहिल्या म्हणून वाचल्या. बाकीचे पुन्हा भट्टीत गेले.

हे काम आजही चालू आहे, आणि ते आपणच करतो. आपल्या पूर्वजांनी गायकवाडांच्या काळात दक्षिणेतून येताना आणलेली घंगाळे, परात, पंचपात्री आपल्या माळ्यावर असतात. लग्नात, मुंजीत दिलेल्या भांड्यांवर नाव घालण्याची आपली रीत. आमच्या घरचे एक घंगाळ आम्ही स्टीलच्या डब्यांसाठी मोडीत दिले. त्यावर आजीचे माहेरचे नाव होते, हे आईने नंतर सांगितले. दुकानदाराने वजन केले होते, नाव कोणीच वाचले नव्हते. पालकांनी ही चूक करू नये, एवढीच विनंती.

करून पाहा

१. घरातल्या जुन्या भांड्यांवरील नावे आणि साल वहीत उतरवून घ्या. ती व्यक्ती कोण, हे आजी-आजोबांना विचारा.

२. भांडे ठोकीव आहे की ओतीव, ते ओळखा. ठोक्यांच्या खुणा बोटांना लागतात का ते पाहा.

३. भांडे तांब्याचे, पितळेचे की कांशाचे? हलकेच टिचकी मारून आवाज ऐका.

वह्या शाळेत आणा. आम्ही त्या सर्वांसमोर वाचू.