कडाक्याच्या थंडीत वाहन सुरू करताना

तापमान शून्याखाली १८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले की दोन अडचणी एकाच वेळी उभ्या राहतात. बॅटरीची शक्ती सुमारे निम्म्यावर येते. उलट वंगणतेल घट्ट झाल्याने इंजिन फिरविण्यास नेहमीपेक्षा अधिक जोर लागतो. उतरलेल्या बॅटरीतील आम्ल तर इतके पातळ झालेले असते की ते गोठून कवच फुटण्याचा संभव असतो.

कॅनडातील विनिपेग शहरात म्हणूनच मोटारींच्या पुढील जाळीतून विजेच्या तारेचे टोक लोंबताना दिसते. ही तार इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात बसविलेल्या हीटरला वीज पुरविते. अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटा राज्यातील अँड्र्यू फ्रीमन यांना अशा हीटरचे पेटंट १९४९ साली मिळाले. तो रात्रभर चालू ठेवणे ही उधळपट्टीच होय. निघण्यापूर्वी सुमारे दोन तास पुरेसे होतात. बॅटरीभोवती गुंडाळावयाचे विद्युत वेष्टन निराळे मिळते.

लडाखमध्ये डिझेलदेखील थिजते. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये तेथे उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल उपलब्ध केले. टाकीखाली शेकोटी पेटविणे जिवावर बेतणारे आहे. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवून तापविणेही तितकेच घातक, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.