‘हँड’ आणि हात



इंग्रजी शिकतांना कठीण शब्दांचें आपणांस भय वाटतें. सोप्या शब्दांसाठीं मात्र कोणी कोश उघडीत नाहीं. पण फसवणूक होते ती बहुधा सोप्या शब्दांकडूनच. ‘हँड’ हाच शब्द घ्या. हँड म्हणजे हात, हें पहिल्याच पुस्तकांत पाठ होतें. आतां एखाद्या घोड्याच्या वर्णनांत ‘फिफ्टीन हँड्स हाय’ असें आलें आणि आपण ‘१५ हात उंच’ असें लिहिलें, तर काय होईल? आपला हात कोंपरापासून मधल्या बोटाच्या टोंकापर्यंत, म्हणजे सुमारें १८ इंचांचा. त्या मापानें घोडा साडेबावीस फूट उंच होऊन तबेल्याचें छप्पर फोडील! इंग्रजी ‘हँड’ हें तळहाताच्या रुंदीवरून आलेलें ४ इंचांचें माप आहे. तेव्हां तो बिचारा घोडा खांद्यापाशीं ५ फूटच उंच आहे.

हे दोन शब्द कानाला जवळचे वाटले, तरी नात्यांतले नव्हेत. ‘हात’ हा संस्कृत ‘हस्त’ शब्दापासून प्राकृत ‘हत्थ’ या रूपानें आला. ‘हँड’ हा जर्मन, डच इत्यादि भाषांच्या कुळांतला. दोघांनीं आपापल्या घरीं निरनिराळीं कामें पत्करलीं आहेत. घड्याळांत इंग्रजाला ‘हँड’ दिसतो, आपणांस कांटा दिसतो. ‘ही राइट्स अ गुड हँड’ म्हणजे त्याचें अक्षर चांगलें आहे. गिरणींतले ‘हँड्स’ म्हणजे मजूर. जहाजावरचे ‘ऑल हँड्स’ म्हणजे झाडून सारे खलाशी. ‘ओल्ड हँड’ हा म्हातारा हात नव्हे, तर कामांत मुरलेला मनुष्य. पत्त्यांच्या खेळांत खेळणाऱ्याच्या हातीं असलेल्या सर्व पानांना मिळून ‘हँड’ म्हणतात. आपण ‘माझे सात हात झाले’ म्हणतों, त्या हाताला इंग्रजींत ‘ट्रिक’ असें नांव आहे.

संप्रदायांत तर अधिकच सावध असावें. कांहीं ठिकाणीं दोन्ही भाषांची गांठ पडते. ‘टु लेंड अ हँड’ म्हणजे हातभार लावणें. ‘टु लिव्ह फ्रॉम हँड टु माउथ’ म्हणजे हातावर पोट असणें. पण ‘आय वॉश माय हँड्स ऑफ हिम’ हें वाक्य पाहा. मत्तयाच्या शुभवर्तमानांत (अध्याय २७) पिलातानें लोकांसमोर हात धुऊन आपल्यावरची जबाबदारी झिडकारली, त्या प्रसंगाशीं हा प्रयोग जोडलेला आहे. अर्थ असा, कीं ‘माझा त्याच्याशीं आतां संबंध नाहीं.’ आपल्याकडे मात्र ‘हात धुऊन पाठीस लागणें’ म्हणजे पिच्छा न सोडणें! हात तेच, पाणी तेंच, आणि अर्थ अगदीं उलट.

शब्दास शब्द ठेवण्याच्या या खोडीनें इंग्रजी तर येत नाहींच, पण मराठीहि बिघडते. ‘ऑन दि अदर हँड’ याचें ‘दुसऱ्या हातावर’ असें करणारास ‘उलटपक्षीं’ हा घरचाच शब्द आठवत नाहीं. म्हणून आधीं सबंध वाक्य वाचावें, बोलणाऱ्याचा भाव ओळखावा, आणि हेंच आपल्या घरीं कसें बोललें असतें, असें स्वतःस विचारावें. हात आखडणें, हात टेकणें, हातघाईवर येणें हे प्रयोग ज्यांच्या तोंडीं सहज असतात, त्या आजीला कदाचित् इंग्रजीचें एक अक्षरहि येत नसेल. तरी भाषांतराच्या कामीं तिच्यासारखा शिक्षक नाहीं. पालकांनीं मुलांना तिच्याजवळ बसूं द्यावें.