खाऱ्या पाण्यात पितळी रणगाडा नको

कॅडेट मित्रांनो, जबलपूरचे कमानिया गेट हे १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाचे स्मारक. तिथल्या बाजारातून पितळी रणगाडा आणलात, तर तो टेबलावर शोभेल. समुद्री माशांच्या टाकीत मात्र ठेवू नका.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्या पाण्यात पितळ झिजते व तांबे विरघळते. अत्यल्प तांब्यानेही कोळंबी, शंखातले जीव आणि प्रवाळ मरतात. मासे नीट पोहताना दिसतात, म्हणून पाणी निर्दोष समजू नये.

प्रतिकृती निवडताना :

१. चुंबक लावा. चिकटली तर आत लोखंड आहे. पितळ चिकटत नाही, म्हणून तळाशी ओरखडा काढूनही पाहा. कोणताही धातू दिसला तर नको.

२. सोनेरी मुलामा किंवा सुटणारा रंग टाळा.

३. भेडाघाटचा संगमरवर चालेल. त्यावर रंग वा मेण नसावे.

४. कमानीत मासा अडकू नये. कडा बोथट असाव्यात.

५. आठवडाभर वेगळ्या बादलीत, खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवा. गंज, रंग किंवा वास आला तर टाकीत घालू नका.

शंका वाटली, तर प्रतिकृती कपाटातच ठेवा. टाकीतल्या जिवांना दुसरीकडे जाता येत नाही.