अवर्षण, गुरे आणि खुरटी ज्वारी

गुरे राखणारी मुले आपल्याच वर्गात बसतात. म्हणून शिक्षकांनी हा पाठ पाऊस ओढ देण्यापूर्वीच घ्यावा. कुरण उजाड झाले की भुकेले जनावर शेतातील खुरटलेल्या ज्वारीकडे धावते. दीड-दोन फुटांखालील या कोवळ्या ताटांतून पोटात हायड्रोसायनिक आम्ल सुटते आणि जनावर धापा टाकीत पाहता पाहता कोसळते. कापणीनंतर फुटलेले हिरवेगार धुमारे तितकेच घातक, आणि नेमके तेच गुराख्याला मोहात पाडतात! फुलोऱ्यावरील ज्वारीत हे भय पुष्कळ कमी. लक्षणे दिसताच पशुवैद्यास बोलवावे. पुढे पाऊस झाला तरी कुरणात गुरे लगेच सोडू नयेत. कोवळा अंकुर खुडल्यास गवताची मुळे दुबळी होतात. मुलांकडून दोन्ही प्रकारची ताटे आणवून फरक ओळखावयास लावावा.