स्वित्झर्लंड : एक देश, चार भाषा

स्वित्झर्लंड म्हटले की बर्फ, घड्याळे आणि हिंदी सिनेमातील गाणी डोळ्यांपुढे येतात. मला या देशाविषयी कुतूहल वाटू लागले ते मात्र त्याच्या नोटेमुळे. बँकिंगचा अभ्यास करताना कळले, की तेथील राष्ट्रीय बँकेचे नाव नोटेवर जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श अशा चार भाषांत छापतात. आपल्याही नोटेवरील तक्त्यात कन्नड चौथी आणि मराठी आठवी आहेच. नाण्यांवर मात्र चौघींपैकी एकीलाही स्थान नाही. तेथे देशाचे नाव लॅटिनमध्ये. कोणी रुसायला नको!

हा देश सुमारे ४१ हजार चौरस किलोमीटरांचा, म्हणजे आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या तिप्पट. तेवढ्यात २६ कँटन, म्हणजे राज्ये. प्रत्येक स्विस माणूस चारही भाषा बोलतो असा आपला समज असतो; तो खरा नव्हे. बहुतेक कँटन एकभाषी आहेत. जिनिव्हाचे फ्रेंच कुटुंब झुरिकला राहायला गेले तर मुलांना सरकारी शाळेत जर्मनमधूनच शिकावे लागते. मराठी शाळेत शिकलेल्या मला हे वाचून जरा धक्काच बसला.

गोठार्डच्या ५७ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून (हा २०१६ साली सुरू झाला) गाडी दक्षिणेला तिचिनो कँटनात उतरते, की भाषा इटालियन. लुगानोच्या सरोवराकाठी चक्क ताडामाडांच्या जातीची झाडे, खाणावळीत मक्याच्या पिठाचा पोलेंता.

पूर्वेकडील ग्राउब्युंडेन हे एकमेव त्रिभाषी कँटन. रोमान्श येथलीच. देशातील जेमतेम अर्धा टक्का लोकांची ती मुख्य भाषा. तरी १९३८ साली जनतेने मतदान करून तिला राष्ट्रभाषांत बसवले. एंगाडीन खोऱ्यात १ मार्चला मुले गुरांच्या घंटा वाजवत गावभर फिरतात आणि हिवाळ्याला हाकलून देतात. पण रोमान्शच्या बोली पाच. हाइनरिख श्मिड या विद्वानाने १९८२ साली सर्वांसाठी एक प्रमाणभाषा घडवली. ती कचेरीत चालली; शाळांत मात्र अनेक गावांनी पुन्हा आपापली बोली आणली. ज्यांच्या घरची मराठी आणि पुस्तकातली मराठी वेगळी आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

मग तेथे भांडण नाहीच का? आहे. १८१५ साली व्हिएन्नाच्या परिषदेने ज्युरा हा फ्रेंच भाषी डोंगराळ मुलूख जर्मनबहुल बर्नला जोडून टाकला. रहिवाशांना कोणी विचारले नाही. पुढे दीर्घ चळवळ झाली, जनमत घेण्यात आले आणि १ जानेवारी १९७९ रोजी ज्युरा हे वेगळे कँटन झाले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की दक्षिणेकडील जिल्हेही फ्रेंचच बोलणारे, परंतु ते बर्नमध्येच राहिले. उत्तर कॅथॉलिक, दक्षिण प्रॉटेस्टंट. भाषेइतकाच धर्माचाही तेथे प्रभाव पडला. मुतिये हे गाव तर मध्ये लोंबकळत राहिले. तेथील २०१७ चे मतदान रद्द ठरले, २०२१ साली पुन्हा झाले, ज्युराच्या बाजूने कौल लागला आणि बदलासाठी १ जानेवारी २०२६ ही तारीख ठरली. सीमेवरच्या वाचकांना यावर अधिक भाष्य नको. एवढेच म्हणतो, की प्रत्येक वेळी गावालाच विचारले गेले.

मुतियेपासून रेल्वेने जवळच बील हे घड्याळांच्या कारखान्यांचे शहर आहे. तेथे रस्त्यांच्या पाट्या जर्मन आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत. २००५ पासून शहराचे अधिकृत नावही जोडनाव आहे : बील-बिएन. दुकानात कोणत्या भाषेत बोलावे यासाठी तेथे साधा रिवाज आहे. जो आधी तोंड उघडेल त्याची भाषा, दुसऱ्याने त्याच भाषेत उत्तर द्यायचे. आमच्या बाजारातले कापडवाले आणि किराणावाले हेच करतात. फक्त त्याला कोणी रिवाज म्हणत नाही, धंदा म्हणतात.