धुराची इजा व प्राण्यांवरील प्रयोग

आग लागली म्हणजे सर्वांची दृष्टी ज्वाळेकडे जाते. धुराकडे फारसे कोणी पाहत नाही. परंतु पुष्कळदा ज्वाळेपेक्षा धूरच अधिक प्राण घेतो. ता. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षास रात्री आग लागली आणि १० अर्भके दगावली. त्यांपैकी ३ भाजून व ७ धुराने गुदमरून गेली, असे त्या दिवशी आरोग्यमंत्र्यांनी सांगितले.

धूर शरीरात शिरून करतो तरी काय? त्याची इजा तीन प्रकारची असते. पहिली उष्णतेची, पण तप्त हवा घशातच बरीच निवते, व वाफ सोडल्यास तिची आच स्वरयंत्राखाली सहसा पोचत नाही. दुसरी कार्बन मोनॉक्साइड वायूची. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनास प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक दृढतेने चिकटतो. त्यामुळे रक्त वाहत असूनही शरीर प्राणवायूस पारखे होते. तिसरी इजा काजळीची व तिखट वायूंची. ती श्वासनलिकांचे नाजूक अस्तर नासविते.

ही तिसरी इजा कशी वाढत जाते, हे केवळ रुग्णांवरून कळणे कठीण. रुग्णाने किती धूर घेतला हे कोणास ठाऊक नसते. शिवाय त्याचे अंगही बहुधा भाजलेले असते. जाणूनबुजून मनुष्यास धूर देणे तर सर्वथा निषिद्ध. म्हणून शास्त्रज्ञ प्राण्यांकडे वळले.

आता प्राणी कोणता घ्यावा? उंदीर लहान व सोयीचा खरा. पण तो नाकानेच श्वास घेतो आणि पुष्कळशी काजळी त्याच्या नाकाच्या वळणांतच अडते. मेंढीची फुप्फुसे मात्र आकाराने मनुष्याच्या फुप्फुसांच्या बरीच जवळ येतात. यास्तव अमेरिकेतील टेक्सस राज्यात, गॅल्व्हस्टन येथील वैद्यांनी मेंढी निवडली. आमच्या हिंगोली जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या मुलास हे सांगावयास नको की, कापसाच्या गंजीत ठिणगी पडली तर ती ज्वाळा न दाखविता आतल्या आत धुमसत राहते. तसाच धुमसणाऱ्या सुती कापडाचा धूर तेथे वापरला. मधमाश्या हुसकाविण्याच्या धुरपात्रासारख्या साधनातून तो काढून, ४० अंशांपलीकडे तापू न देता, भूल दिलेल्या मेंढीस मोजून ४८ श्वास दिले.

धूर निवलेला होता, तरी फुप्फुसास इजा झालीच; म्हणजे खरा अपराधी उष्णता नव्हे, हे ठरले. श्वासनलिकांकडे जाणारे रक्त कित्येक पटींनी वाढले, फुप्फुसांत पाणी झिरपले, आणि कफ, मृत पेशी व गोठलेला रक्तद्रव यांचे बोळे होऊन वाटा तुंबल्या. हे सारे तत्काळ नव्हे, तर तासातासाने वाढत गेले. यावरून रक्त गोठू न देणारे हेपारिन तुषाररूपाने श्वासातून देण्याची कल्पना निघाली. ॲसिटिलसिस्टीन या औषधासह ते दिलेल्या मुलांत मृत्यू कमी झाल्याचे तेथील वैद्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केले. पुढील सर्व निष्कर्ष मात्र एकसारखे आले नाहीत. कारण मेंढी म्हणजे मनुष्य नव्हे, आणि घरातील आगीत केवळ कापूस जळत नाही.

मुक्या प्राण्यांकडून घेतलेले हे ज्ञान फुकटचे नाही. रसेल व बर्च यांनी १९५९ साली तीन नियम सांगितले: शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरा उपाय योजावा, प्राण्यांची संख्या कमीत कमी ठेवावी, आणि त्यांचे क्लेश हलके करावे. आपल्या देशाच्या १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यातही, टाळता येतील ते प्रयोग टाळावे, असा दंडक आहे.

विद्यार्थ्यांनी यातून दोन गोष्टी मनात धराव्या. खोलीत धूर कोंडला तर उभे न राहता जमिनीलगत रांगत बाहेर पडावे; कारण तप्त धूर वर चढतो व स्वच्छ हवा खाली राहते. आणि धुरातून सुटलेला मनुष्य हसतबोलत असला तरी त्यास विलंब न लावता वैद्याकडे न्यावे. त्याची इजा अद्याप वाढावयाची असेल.